तांडेलकाकांचे बोलणे मनाला लागले

प्रश्न: वडील गेल्यापासून वेंगुर्ल्याची आमची बोट मी सांभाळतो. नव्या जाळ्याला शिसे कमी लावले आहे, पाण्याला ओढ असली की ते तळाला बसणार नाही, असे वडिलांच्या वेळच्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी) सगळ्या खलाशांदेखत सांगितले. मला अपमान वाटला आणि ‘मालक मी आहे’ असे म्हणून मी त्यांना गप्प केले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आलेले नाहीत. मी रोज बायबल वाचतो, म्हणून मनाला टोचणी लागली आहे. पण मालकाने खालच्या माणसाचे ऐकून घ्यायचे का?

उत्तर: अपमान झाल्याचे तुम्ही लिहिलेत, जाळे तळाला बसले की नाही, हे मात्र लिहिले नाही. माझ्या मते आधी तेच पाहायला हवे होते.

बायबलातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १२ वा अध्याय आज पुन्हा वाचा. इस्राएलाचा राजा शलमोन याच्या मागे त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, म्हणजे पोरवयाची सबब त्याला नव्हती. आमच्यावरचे जू हलके करा, अशी लोकांनी विनंती केली. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली आणि बापाच्या पदरी राहिलेल्या वृद्धांचा सल्ला विचारला. आज तुम्ही या लोकांचे सेवक झालात, तर ते कायमचे तुमचे होतील, असे त्यांनी सांगितले. ते त्याला रुचले नाही. बरोबर वाढलेल्या सोबत्यांचे ऐकून त्याने लोकांना दरडावले आणि इस्राएलाचे दहा वंश त्याला सोडून गेले. त्याने सल्ला विचारला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे म्हणजे शिकणे नव्हे. तुमच्या प्रश्नातले ‘खालचा माणूस’ हे शब्दही मला खटकले. नीतिसूत्रांच्या ९ व्या अध्यायात बोल लावणाऱ्यावर प्रीती करतो त्याला ज्ञानी म्हटले आहे. त्यामुळे काकांचे ऐकल्याने तुमचे मालकपण उणे होत नाही.

चारचौघांत बोलणे लागते, हे मात्र खरे. बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अपुल्लोस हा मोठा वक्ता सभास्थानात बोलत असताना त्याचे ज्ञान अपुरे आहे, हे प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याला तिथे टोकले नाही, आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावले. आणि तंबू शिवून पोट भरणाऱ्या त्या जोडप्याचे त्या विद्वानाने ऐकले. काकांनीही बाजूला घेऊन सांगितले असते, तर बरे झाले असते. तरीही सांगण्याची रीत चुकली म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही.

आता काकांच्या घरी जा. नाथान संदेष्ट्याने चूक दाखवल्यावर दावीद राजा ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ एवढेच बोलला, तसे तुम्हीही ‘काका, माझे चुकले’ एवढेच म्हणा; त्याला ‘पण’ जोडू नका. तुम्ही त्यांना खलाशांसमोर तोडून बोललात, तेव्हा हेच शब्द खलाशांसमोरही एकदा म्हणा. पुढे काही खटकले तर आधी मला एकट्याला सांगा, अशी विनंती त्यांना जरूर करा. ते मान राखतील. मग दोघे मिळून जाळे पसरून बसा आणि शिसे कुठे, किती वाढवायचे, ते त्यांना विचारा.