ऑस्ट्रेलियात मतदार दोन्ही मोठ्या पक्षांवर नाराज आहेत म्हणतात, मग लेबरला एवढं बहुमत कसं मिळालं?

नाराजी खरी आहे आणि बहुमतही खरं आहे. तुम्ही विचारलंय की 2025 च्या निवडणुकीआधी सर्वेक्षणांत पंतप्रधान अल्बनीझी आणि विरोधी पक्षनेते डटन या दोघांवरही लोक नाखूश दिसत होते, तर अल्बनीझींच्या लेबर पक्षाच्या 150 पैकी 94 जागा आल्या कुठून, आणि तिथल्या आपल्या लोकांचं म्हणणं काय. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते, इथली नागरिक आहे, मत देते. माझ्या मते इथली नाराजी जागा मोजून कळतच नाही. लोकांनी मतपत्रिकेवर 1 हा आकडा कुणापुढे लिहिला, ते बघावं लागतं.

ते बघितलं की चित्र वेगळं दिसतं. 2025 मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची मतं साधारण 34.6 टक्के. डटन यांच्या लिबरल पक्षाची नॅशनल पक्षाशी आघाडी आहे, तिला 32 च्याही आत. म्हणजे दर तीन मतदारांतल्या एकाने दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूला ठेवून ग्रीन्स (पर्यावरणवादी पक्ष), वन नेशन (स्थलांतरविरोधी उजवा पक्ष), अपक्ष किंवा आणखी कुणापुढे 1 लिहिला. 1975 साली हेच दोन गट मिळून 95 टक्क्यांहून जास्त मतं घेत होते. 2022 मध्ये तर लेबर 33 टक्क्यांच्या आत राहूनही सत्तेवर आलं.

आता त्या 34 टक्क्यांचे 94 कसे होतात ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

एक तर इथे मत देणं सक्तीचं आहे, 1924 पासून. नाही दिलं तर पत्र येतं आणि सबळ कारण नसेल तर 20 डॉलर दंड. रागावून घरी बसायची सोय नाही आणि आपल्यासारखा ‘नोटा’ही नाही. कोरी मतपत्रिका टाकता येते, पण बाद होणारी मतं पाचेक टक्केच असतात आणि त्यातलीही बरीचशी आकडे लिहिताना चुकल्यामुळे बाद होतात.

दुसरं म्हणजे पसंतीक्रम. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हा प्रकार माहीत असेल. फरक असा की तिथे तुम्ही फक्त 1 लिहून थांबू शकता. इथे प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या, मतपत्रिकेवर प्रत्येक चौकटीत आकडा लिहावाच लागतो. आठ उमेदवार असतील तर 1 ते 8. त्यामुळे ज्याला लेबरही नको आणि लिबरलही नको, त्यालासुद्धा शेवटी या दोघांत कमी नको कोण ते सांगावं लागतं. एकाला 6, दुसऱ्याला 7. सर्वांत कमी मतं पडलेला उमेदवार बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, असं करत करत बहुतेक मतदारसंघांत शेवटी लेबर विरुद्ध आघाडी एवढंच उरतं. या शेवटच्या हिशेबात 2025 मध्ये देशभरात लेबर 55, आघाडी 45 अशी विभागणी झाली. एका मतदारसंघातून एकच खासदार असल्यामुळे 55 टक्क्यांत 94 जागा निघतात.

याचा फटका कधी कधी छोट्या पक्षांनाच बसतो. मेलबर्न शहराच्या मतदारसंघात ग्रीन्सचे नेते अॅडम बँड्ट पहिल्या पसंतीत पुढे होते. पण लिबरल मतदारांनी त्यांना लेबरच्याही खाली ठेवलं होतं, ती मतं लेबरकडे गेली आणि पक्षाचा नेताच पडला. ग्रीन्सना देशभरात 12 टक्के मतं पडली आणि प्रतिनिधिगृहात जागा आली एक. लेबरचा मोठा विजय म्हणतात त्यात हेही आलं.

राग कशाचा, याला मी एका शब्दात घर असं उत्तर देईन. मे 2022 ते नोव्हेंबर 2023 या काळात इथल्या रिझर्व्ह बँकेने 13 वेळा व्याजदर वाढवले, 0.10 वरून 4.35 टक्क्यांवर नेले. इथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात, त्यामुळे हप्ता लगेच वाढतो. भाड्याने राहणाऱ्याचंही भाडं वाढतं. आणि ज्याच्याकडे दुसरं-तिसरं घर भाड्याने दिलेलं होतं, त्याला निवडणुकीच्या वेळी त्या घरातला तोटा पगारातून वजा करून करसवलत घेता येत होती, शिवाय 1999 पासून असं घर विकताना भांडवली नफ्याच्या निम्म्यावरच कर लागत होता. यात बदल करू म्हणून लेबरचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन 2016 आणि 2019 मध्ये लोकांपुढे गेले आणि दोन्ही वेळा हरले. त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत लेबरने हा विषय जाहीरनाम्यात घेतलाच नाही. तरुणांना वाटतं की यांना सगळं कळतं, पण हिंमत नाही. मला तो आरोप बऱ्यापैकी योग्य वाटतो, पण शॉर्टनना पाडलं कुणी हेही विसरून चालत नाही.

त्यात आश्वासनांची भर. वीजबिल 2025 पर्यंत 275 डॉलरनी कमी होईल असं लेबरने 2022 मध्ये सांगितलं होतं, ते झालं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मूलनिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी सल्लागार संस्था घटनेत आणण्याच्या, लेबर सरकारने घेतलेल्या सार्वमतात साधारण 60 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं, सहाही राज्यांत. वर्षभराने, लोक भाड्याने मेटाकुटीला आलेले असताना, पंतप्रधानांनी समुद्रकिनारी 43 लाख डॉलरचं घर घेतल्याची बातमी आली. बेकायदा त्यात काहीच नव्हतं, पण वेळ इतकी वाईट साधली की लेबरवाल्यांनीही कपाळावर हात मारला असेल.

मग लोकांनी डटनना का नाही निवडलं? कारण लोक त्यांच्यावर जास्त रागावले. सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम बंद करू म्हणाले आणि प्रचार चालू असतानाच माघार घेतली. सात ठिकाणी अणुवीज प्रकल्प काढू म्हणाले, खर्चाचं समाधान होईल असं उत्तर दिलं नाही. वर त्या वेळी ट्रम्प यांच्या धोरणांनी इथले लोक बिथरलेले होते आणि डटन यांचं बोलणं त्यांना तसलंच वाटलं. 2001 पासून स्वतःकडे असलेली डिक्सनची जागासुद्धा त्यांनी गमावली. आघाडीचं जुनं ओझंही होतंच. 2022 मध्ये पराभव झाल्यावर उघड झालं की पंतप्रधान असताना मॉरिसन यांनी पाच खात्यांची मंत्रिपदं गुपचूप स्वतःकडेही घेऊन ठेवली होती. सिडनी-मेलबर्नच्या श्रीमंत वस्त्यांतल्या सुशिक्षित बायका 2022 मध्ये अपक्ष म्हणून उभ्या राहून लिबरलांच्या खात्रीच्या जागा घेऊन गेल्या, तो मतदार अजून फारसा परतलेला नाही.

आपल्या लोकांबद्दल. मराठी माणसं सगळी एकाच बाजूला नाहीत. व्यवसाय करणारे करांमुळे लिबरलकडे झुकतात, पण सप्टेंबर 2025 मध्ये त्या पक्षाच्या खासदार जसिंटा प्राइस यांनी, लेबर स्वतःला मतं मिळावीत म्हणून भारतीयांना आणतंय अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हा हेही दुखावले. प्राइस यांना पुढच्या बाकांवरून, म्हणजे विरोधी पक्षाच्या छाया मंत्र्यांमधून, हटवलं गेलं, तेव्हाच्या पक्षनेत्या सुझन ली यांनी माफी मागितली, पण गणपतीच्या सुमारास सगळीकडे तोच विषय होता. आमची खास तक्रार मात्र आईवडिलांच्या कायमच्या व्हिसाची आहे. स्वस्त व्हिसासाठी तीसेक वर्षांची रांग, महागड्यासाठी माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर आणि तरी दहाहून जास्त वर्षं. सत्तरीतल्या माणसाला तीस वर्षं थांबा म्हणणारं धोरण दोन्ही पक्षांच्या सरकारांनी चालू ठेवलंय.

मी स्वतः 2025 मध्ये एका अपक्षापुढे 1 लिहिला. मग ग्रीन्स, मग लेबर, खाली आघाडी आणि तळाला वन नेशन. अपक्ष बाद झाला, ग्रीन्स बाद झाले, आणि माझं मत लेबरच्या ढिगात जाऊन पडलं. त्या 94 मध्ये आमचाही मतदारसंघ आहे.