शेजारच्या मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाचा अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी परदेशी मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, निघालाय. आम्हाला निरोपाला बोलावलंय. जावं का? आणि आईवडील मुलाला असं पाठवतात तरी कसे?

जा. नक्की जा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून युटाला येऊन तुम्हाला चारच महिने झालेत, मुलगा ब्राझीलला निघालाय, रविवारी आधी चर्चमध्ये आणि मग घरी बोलावणं आहे. "आपण हिंदू, तिथं आपलं काय काम" हा संकोच मलाही होता. मी बारा वर्षं युटातल्याच ओरेम शहरात राहते. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कुंपणापलीकडच्या घरातला थोरला मुलगा फिनलंडला गेला. त्याआधीचे तीन महिने मी ते घर रोज बघत होते, म्हणून सांगते.

त्याचं नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही तिथंच होतो. पूर्वी ही नेमणूक टपालाने जाड पांढऱ्या पाकिटात यायची, 2018 पासून ऑनलाइन येते. कुठं जायचं हे मुलगा निवडत नाही, ते सॉल्ट लेक सिटीतून ठरून येतं. भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजाची टाचणी टोचली होती. त्याने लॅपटॉप उघडून वाचलं: फिनलंड, हेलसिंकी मिशन. भाषा फिनिश. एकाचीही टाचणी तिकडे नव्हती. आरडाओरडा झाला, आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्याची आई माझ्या शेजारी सोफ्यावर बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होती. मी डोकावले. डिसेंबरात हेलसिंकीत सूर्य किती वाजता उगवतो ते ती बघत होती. साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वातीनच्या आसपास मावळतो.

तुम्हाला वाटतंय की या लोकांना मुलाला पाठवणं जड जात नसावं. जड जातं. फक्त ती तयारी मूल लहान असल्यापासून चाललेली असते आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला त्यातलं काहीतरी आलेलं असतं.

पैशांचंच बघा. मिशनरीला पगार नसतो. जायचं-यायचं विमानभाडं चर्च देतं, पण राहण्याखाण्याचा खर्च मिशनरी आणि त्याचं घर भरतं. अमेरिकेतल्या मुलांसाठी 2020 च्या जुलैपासून महिन्याला 500 डॉलर, त्याआधी 400 होते. दोन वर्षांचे 12,000 झाले. मूल टोकियोला जावो की टेक्सासला, रक्कम तीच, कारण सगळं एकत्र जमा होऊन गरजेप्रमाणे वाटलं जातं. 1991 च्या आधी असं नव्हतं. तेव्हा ज्या देशात जाल तिथला खर्च घरच्यांनी सोसायचा. काही पालक पैसे थेट मुलाच्या खात्यात पाठवून त्यावर करसवलत मागत, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1990 मध्ये पालक हरले. आमच्या शेजारच्या मुलाने बाराव्या वर्षापासून गल्लीतल्या लोकांचं गवत कापून, बर्फ उपसून निम्म्याहून जास्त रक्कम स्वतः साठवली होती. आमच्या अंगणातलं गवतही त्यानेच कापलंय आणि दरवेळी आमचे वीस डॉलर त्याच खात्यात गेलेत. ज्यांना भरणं जमत नाही त्यांच्यासाठी वॉर्डातले लोक हातभार लावतात. वॉर्ड म्हणजे एका परिसरातल्या काहीशे लोकांची मंडळी, आपल्याकडच्या आळीसारखी. कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक.

मग शरीराची तयारी. डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. अक्कलदाढ पुढे त्रास देईल असं वाटलं तर आधीच काढतात. याच्या चारही काढल्या. तोंड सुजून भोपळा झालेलं. मी गुरगुट्या भात, वर तूप-मीठ घालून नेला. तीन दिवस तो तेवढंच खात होता.

वडील स्वतः नव्वदच्या दशकात चिलीला जाऊन आलेले. त्यांनी मुलाला इस्त्री शिकवली. रविवारी दुपारी गॅरेजमध्ये टेबल मांडून पांढरे शर्ट ओळीने लावायचे. आधी कॉलर, तीही आतल्या बाजूने, मग खांदा, मग बाही. मुलगा घाईने पाठीवर इस्त्री फिरवायला गेला की वडील काही न बोलता शर्ट पाण्याने पुन्हा ओला करून त्याच्या हातात द्यायचे. बटण लावणं, डाळ-तांदूळ शिजवणं, बेसिन घासणं, सगळं असंच. डाळ माझ्याकडे शिकला. धाकट्या बहिणीने घरभर फिनिश शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजवर होतं "यॅकाप्पी", म्हणजे शब्दशः बर्फाचं कपाट. तो गेल्यावरही वर्षभर ती चिठ्ठी तिथंच होती, कडा पिवळ्या पडल्या तरी.

आता प्रशिक्षण. ओरेमशेजारच्या प्रोव्होला त्यांचं मिशनरी ट्रेनिंग सेंटर आहे, सगळे एमटीसी म्हणतात. पन्नासहून जास्त भाषा तिथं शिकवतात. सुरुवातीचे काही दिवस घरूनच ऑनलाइन, मग आत. भाषा शिकायची नसेल तर दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतात. स्पॅनिश-पोर्तुगीजला साधारण सहा, फिनिश, जपानी, चिनी अशा अवघड भाषांना नऊ. शिकवणारे बहुतेक विशी-बाविशीतलेच, त्या त्या देशातून मिशन करून आलेले विद्यार्थी. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकताना रडलो होतो, हा मुलगा जेवणाच्या टेबलावरही शिकलेल्या शब्दांतच बोलायला बांधलेला.

सोडायला जाताना त्यांच्या गाडीत सगळे मावेनात, म्हणून आमची गाडी मागे होती. गाड्या रांगेने फुटपाथला लागतात, एक जुना मिशनरी पुढे येऊन बॅग घेतो, मिठ्या मारून होतात आणि मुलगा आत जातो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. घरचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू होण्याआधीच त्यांच्या स्थानिक प्रमुखांनी डोक्यावर हात ठेवून त्याला विधिवत मिशनरी केलं होतं. त्यानंतर पहिल्या नावाने हाक मारायची नाही. मुलगा "एल्डर" आणि पुढे आडनाव, मुलगी "सिस्टर". एल्डर म्हणजे ज्येष्ठ. फिनिशमध्ये त्यालाच "वान्हिन" म्हणतात. अठरा वर्षांच्या पोराच्या छातीवर काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ते लिहिलेलं असतं.

आणि आता जे मला सगळ्यात अवघड वाटलं ते सांगते. ओरेमहून एमटीसी गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. तो नऊ आठवडे तिथं होता आणि घरच्यांनी भेटायला जायचं नाही. नियम आहे तसा. आई कामाला जाताना जवळपास त्या बाजूनेच जायची. समोरच त्यांचं प्रोव्होचं मंदिर होतं. आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी मिशनरी तिथं जात आणि ती स्वतःही दर आठवड्याला जाणारी. ती म्हणाली, "त्याचा वार सोडून मी बाकीच्या दिवशी जाते. दिसला तर मी हाक मारल्याशिवाय राहणार नाही, आणि मग त्याचा आठवडा वाया जाईल." मला माझी आई आठवली. भाऊ दहाव्या वर्षी साताऱ्याच्या सैनिक स्कूलला गेला, तेव्हा पहिल्या महिन्यात वडील साताऱ्याला कामाला जाऊन त्याला न भेटता परत आले होते. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. वडिलांचं म्हणणं काय होतं ते मला ओरेममध्ये कळलं.

आता निदान दर आठवड्याला फोन असतो. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदाच परवानगी होती, मदर्स डेला आणि नाताळला. चिलीला गेलेल्या या वडिलांचा आवाज त्यांच्या आईने दोन वर्षांत चारदा ऐकला.

धर्माबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय, मी उघड सांगते. ही मुलं दुसऱ्यांना आपल्या चर्चमध्ये यायचं निमंत्रण द्यायलाच जातात. मला ते पटत नाही आणि मी ते शेजारणीला सांगितलंय. तिनेही मला एकदा निमंत्रण दिलं, मी नको म्हटलं, ती बरं म्हणाली. आमची मैत्री तशीच आहे. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. मुलग्यांनी जावं ही इथं अपेक्षा असते. जो जात नाही, किंवा आजाराने, मन लागत नाही म्हणून मध्येच परत येतो, त्याच्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती फार कठोर असते. आमच्याच गल्लीत एक मुलगा पाच महिन्यांत परतला. त्याची आई बरेच दिवस दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना, पत्रपेटी उघडायला यायची. म्हणून "दोन वर्षं पुरी करून ये" असं कोणत्याही मुलाला म्हणू नका. आपण "सुखरूप ये" म्हणतो, तेच पुरे आहे.

रविवारचं सांगते. सकाळच्या सभेत मुलगा पाच-दहा मिनिटं बोलेल. साधे नीटनेटके कपडे चालतात, साडी असेल तर उत्तमच. प्रसादासारखे पावाचे तुकडे आणि पाणी फिरतं, ते न घेता ताट पुढे दिलंत तरी कोणी काही म्हणत नाही. घरी जाताना खायचं काहीतरी न्या, पण चहा-कॉफी किंवा दारूचा अंश नको, म्हणजे कॉफीच्या चवीचा केकसुद्धा नको. त्या महिन्याचा पहिला रविवार असेल तर त्यांचा उपास असतो, सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या. कोकम सरबत सगळ्यांना आवडतं. मी वेलदोड्याच्या शंकरपाळ्या नेल्या होत्या, त्याने उरलेल्या बॅगेत भरून घेतल्या. ऑक्टोबरात फिनलंडला पोचल्यावर पहिल्याच फोनवर त्याने आईला सांगितलं की इथल्या गोड पावात वेलदोडा घालतात, शेजारच्या स्वयंपाकघरासारखा वास येतो, तिला सांग. त्या पावाला ते पुल्ला म्हणतात. ती धावत कुंपणापाशी आली आणि मला सांगून गेली.

त्यांच्यासमोर शक्यतो मॉर्मन हा शब्द वापरू नका. 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या जागतिक प्रमुखांनीच चर्चचं पूर्ण नाव (द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) घ्यायला सांगितलं आणि बरेच लोक ते मनापासून पाळतात. मुलगा आधीच एल्डर झालेला असेल तर बायकांनी मिठीसाठी पुढे होऊ नये, हात मिळवावा. मिशन संपेपर्यंत तसंच. आमचा परत आला तेव्हा विमानतळावर आईला कडकडून भेटला आणि माझा हात धरून नुसता हलवत राहिला. रात्री स्थानिक प्रमुखांकडे जाऊन ती काळी पट्टी उतरवून आला, मग आमच्या दारात.

त्याच्या आईला काय म्हणायचं हे तुम्ही विचारलंय. पहिल्या दिवशी काहीही म्हटलंत तरी चालेल, सगळेच बोलत असतात. सहा महिन्यांनी विचारणारे कमी होतात. तेव्हा विचारा, तो सध्या कोणत्या गावात आहे, सोबतचा मिशनरी जोडीदार कुठला मिळालाय, पोर्तुगीज कितपत जमतंय. आणि त्याचा फोन कोणत्या वारी, किती वाजता येतो ते आत्ताच माहीत करून घ्या. आमच्याकडे सोमवारी सकाळी सहाला यायचा, तिकडे दुपारचे तीन वाजलेले असायचे. दोन वर्षं मी सोमवारी सकाळी त्यांच्या घराची बेल वाजवली नाही.