कॅम्प झाला, पुढे काय?

प्रश्न : ताई, आम्ही सात-आठ जण दोन वर्षं झाली आमच्या वस्तीत मोफत तपासणी कॅम्प घेतोय. गर्दी होते, बीपी-शुगर बघतो, आकडे लिहून कागद हातात देतो. पण पुढच्या वर्षी तीच माणसं तेच आकडे घेऊन परत येतात, गोळ्या मधेच बंद केलेल्या असतात. बहुतेक घरं रोजंदारीवर आहेत. आमचं कुठे चुकतंय? – एक वाचक

उत्तर : दादा, तुमची तळमळ कळतेय आणि चूक लोकांची नाहीये, तुमचीही तशी नाही. बीपी वर्षातनं एकदा बघून भागत नाही एवढंच. ते दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे पहिली स्ट्रिप संपली की माणसाला वाटतं आता बरं आहे, आणि परत दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, येण्याजाण्याचा खर्च वेगळाच, मग डॉक्टरने फी घेतली नाही तरी ते फुकट कसलं पडतंय त्याला?

म्हणून मी म्हणेन कॅम्प एक कमी घ्या पण दर महिन्याला दार वाजवणारं माणूस ठेवा, वस्तीतलंच. हे काही माझ्या डोक्यातनं आलेलं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं ते याच पायावर. गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यातल्या कितीतरी जणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि त्या घरोघर फिरायला लागल्या, बाळंतपणं, मुलांची वजनं, जुलाब सगळं बघायच्या. पुढे १९७८ ला आल्मा-आटाच्या (आताचं कझाकस्तानमधलं अल्माटी) आरोग्य परिषदेत जगभरच्या देशांनी मान्य केलं की प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या घराजवळ आणि त्यांना सोबत घेऊनच व्हायला हवी.

आता बीपी मोजण्याचं, कारण कॅम्पच्या रांगेत हेच सगळ्यात घाईत होतं. माणूस उन्हातनं चालत येतो, आल्या आल्या स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळतात, तो बोलतच असतो. असा आकडा काय कामाचा? पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा आणि हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, बोलायचं नाही, आणि थोड्या वेळाने परत एकदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरकडे पाठवा, गोळी तुम्ही सुचवू नका. १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय असं काही दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल.

गोळ्यांचं अजून एक. पैसे कमी असले की माणूस पाचच गोळ्या घेतो, दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापून देतो, आणि औषधाचं नाव नि एक्सपायरी राहते दुकानातल्या तुकड्यावर. घरी गेल्यावर कुणालाच सांगता येत नाही काय चालू आहे, अगदी डॉक्टरलाही नाही. मी स्वतः बघितलंय हे, एका आजींच्या डब्यात असे चार तुकडे होते आणि त्यातली बीपीची कुठली ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडऐवजी जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, लिहायला सांगा, उदाहरणार्थ बीपीसाठीचं अम्लोडिपिन, तेच औषध वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं आणि भावात खूप फरक पडतो. ते नाव मोठ्या अक्षरात तुमच्या वहीतही उतरवून घ्या.

पुढचा कॅम्प ठरवायच्या आधी मागच्या वर्षीची यादी काढा, ज्यांनी गोळी सोडली त्यातली पंधरा घरं घ्या, संध्याकाळी सगळे कामावरून आल्यावर जा. गोळी कधी थांबली आणि का थांबली एवढंच विचारा, मधे सल्ला देऊ नका, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा.