टक्कल पडतंय आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’

केस गळतायत आणि हार्मोन्सचा रिपोर्ट चांगला आहे, मग चुकतंय कुठे? हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. म्हणून या वेळी केस आणि हार्मोन्सचीच पत्रं घेतली आहेत.

सतत वस्तरा फिरवला तर दाढी दाट येते का?

नाही. वस्तरा कातडीवरचा केस कापतो, आतल्या मुळाला त्याचा पत्ताही नसतो.

वय 26. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतायत. टेस्टोस्टेरॉन दोनदा तपासलं, नॉर्मल आलं. आता एका ठिकाणी ‘संपूर्ण हार्मोन पॅकेज’ करायला सांगताहेत. करू का?

तुमच्या वर्णनात दुसरी काही तक्रार नाही. तसं असेल तर पैसे जपून ठेवा. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक वेळा नॉर्मलच असतं. फरक असतो तो केसाच्या मुळाशी. तिथे 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याचंच जास्त जोरकस रूप, करतं. हे डीएचटी मुळातल्या पेशींच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागेला, टेस्टोस्टेरॉनपेक्षा जास्त घट्ट चिकटतं. टक्कल पडणाऱ्या भागातल्या मुळांच्या पेशींत हे रिसेप्टर जास्त आढळतात. मग केसाचा वाढीचा काळ, जो एरवी 2 ते 6 वर्षांचा असतो, दर फेरीला आखडत जातो आणि जाड केसाच्या जागी शेवटी लव उरते. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं याला दाद देत नाहीत. प्रत्यारोपणासाठी केस तिथूनच घेतात, ते याच कारणाने. आणि गंमत बघा, तोच हार्मोन हनुवटीवरची लव जाड करून दाढी उगवतो. हुकूम एकच, तो मानायचा कसा हे ज्याचं त्याचं मूळ ठरवतं.

हे काही नवं नाही. 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांची निरीक्षणं मांडली. त्यांना टक्कल पडत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पडलं, तेही ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांनाच. म्हणजे हार्मोन लागतोच, पण नुसता हार्मोन पुरत नाही. तुमच्या मुळांची संवेदनशीलता कुठल्याही पॅकेजच्या कागदावर छापून येत नाही. ती त्वचारोगतज्ज्ञ टाळू भिंगाखाली बघून ओळखतो: शेजारशेजारचे केस, एक जाड, एक बारीक. तपासण्यांत घालवलेले महिने मात्र महाग पडतात, कारण बारीक झालेलं मूळ सावरता येतं, पार गेलेलं परत येत नाही. पुढच्या आठवड्यात दाखवून या.

‘डीएचटी ब्लॉकर’ शाम्पू कसा आहे?

डोकं धुण्यापुरता ठीक. दोन मिनिटांत वाहून जाणाऱ्या फेसाकडून रिसेप्टर अडवण्याची अपेक्षा करू नका. बाटलीवर ‘क्लिनिकली’ लिहायला कोणाच्या बापाचं काय जातं?

मित्राला फिनास्टेराइडने फरक पडला. त्याच्याच गोळ्या सुरू केल्यात. पत्नी गरोदर आहे.

आधी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. औषध खरं आहे, 1 मिलिग्रॅमची गोळी डीएचटी कमी करते. पण काहींना लैंगिक तक्रारी होतात, मन खचतं, आणि प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा साधारण निम्म्यावर येऊन फसवतो. तुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये, पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. आणि औषध सोडलं की राखलेले केसही काही महिन्यांत जातात, हे मित्राने सांगितलं नसेल.

बाळ तीन महिन्यांचं आहे. कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात.

घाबरू नका. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, तेव्हा बरेच केस वाढीच्या अवस्थेत अडकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-चार महिन्यांनी गळतात. बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. थकवा फार असेल किंवा वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगा.

वय 22. हनुवटीवर जाड केस, डोक्यावर विरळ, पाळी दोन-दोन महिने येत नाही. घरी म्हणतात, वयाबरोबर जाईल.

जाणार नाही. वर ज्यांना तपासणी नको म्हटलं, त्यांच्या अगदी उलट तुमचं: इथे रक्ततपासणी हवीच. पीसीओएसची, म्हणजे पाळी आणि पुरुषी हार्मोन्सचं गणित बिघडवणाऱ्या विकाराची, शक्यता आहे, आणि त्यात पुढे मधुमेहाचाही धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरकडे) जा. आवाज घोगरा होत असेल किंवा केस काही आठवड्यांत झपाट्याने वाढले असतील, तर याच आठवड्यात जा.

बायोटिन घेऊ का?

बायोटिन हे एक ब-जीवनसत्त्व. त्याची कमतरता नसेल तर फायद्याचा भक्कम पुरावा नाही. घेतच असाल, तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मोठ्या डोसमुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि नसलेल्या आजाराची औषधं सुरू व्हायची.