बंद केमिकल कंपनीचा प्लॉट साफ करायला सरकार पैसे देतं का?

तुम्ही विचारलंय की रबाळे एमआयडीसीत बंद पडलेल्या डाय इंटरमीजिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या केमिकलच्या) कंपनीचा प्लॉट घेऊन तिथे गोडाऊन टाकायचंय, जमीन खराब निघाली तर ती साफ करायला सरकारी मदत मिळते का. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात माती-पाण्याच्या टेस्टिंगचंच काम करतो म्हणून स्पष्ट सांगतो, फॉर्म भरला आणि सबसिडी खात्यात आली अशी स्कीम प्लॉट घेणाऱ्यासाठी नाही, त्या आशेवर सौद्याचं गणित मांडू नका.

आपल्याकडे ज्याने घाण केली त्याने भरायचं हा नियम आहे. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये बिछडीच्या केसमध्ये हेच सांगितलं, उदयपूरजवळचं गाव, एच-ॲसिडच्या कारखान्यांनी तिथल्या विहिरी नासवल्या होत्या, आणि एच-ॲसिड हे डायच्याच धंद्यातलं केमिकल, त्यामुळे तुमच्या प्लॉटवर काय बनत होतं ते आधी बघाच. निकाल लागला पण वसुलीचं भांडण २०११ पर्यंत कोर्टात चाललं. आता जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, त्यात खर्च प्रदूषण करणाऱ्याचाच, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य सरकारने करायचा. पण त्यासाठी जागा आधी तपासून अधिकृत यादीत यावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्याच २०२५ च्या आकड्यांप्रमाणे देशात अशा जागा १०३ होत्या, सफाईचं काम सुरू झालेल्या फक्त ७. सरकारी पैसा किती लागतो ते भोपाळला दिसलं, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळायला १२६ कोटी मंजूर झाले आणि तोही नुसता आवारात साठवून ठेवलेला कचरा, खालची माती आणि पाणी अजून बाकीच आहे.

अमेरिकेत १९८० पासून सुपरफंड आहे, म्हणजे प्रदूषित जागा साफ करायचा सरकारी फंड, केमिकल आणि पेट्रोलियम कंपन्यांवर टॅक्स लावून उभा केलेला, मधे १९९५ ला तो टॅक्स बंद पडला, मग २०२१ च्या कायद्याने परत आणायला सुरुवात केली. पण मला जास्त पटते ती त्यांची ब्राऊनफिल्ड ग्रँट, म्हणजे प्रदूषणाची शंका असलेल्या जुन्या जागांसाठीचं अनुदान. त्यात नगरपालिकांसारख्या संस्थांना नुसत्या तपासणीसाठीसुद्धा पैसे मिळतात, म्हणजे जागेचा जुना इतिहास काढायचा, मग बोअर मारून नमुने घ्यायचे, साफसफाईची ग्रँट वेगळी, आणि ज्याने घाण केली त्याला यातलं काही मिळत नाही. आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. रिपोर्ट हातात आला की जबाबदारी गळ्यात पडेल म्हणून विकणारा टेस्ट करत नाही, घेणारा घाईत असतो, आणि वरून पीसीसी (साधं काँक्रीट) ओतली की विषय संपला. ठाण्यात कोलशेत-बाळकुमला कारखाने जाऊन टॉवर आले, किती फ्लॅटवाल्यांनी मातीचा रिपोर्ट मागितला असेल? मला मनापासून वाटतं की एमआयडीसी प्लॉट ट्रान्स्फरची जी फी घेते त्यातला थोडा भाग बंद कंपन्यांच्या मातीच्या टेस्टिंगला राखून ठेवायला हवा, करोडोंची साफसफाई नंतरची गोष्ट, आधी कुठे काय पडलंय ते तरी कळू दे.

असल्या प्लॉटवर बोअर घेताना वरचा दीड-दोन फूट लाल मुरूम एकदम छान निघतो, मालक खूश होतो, आणि त्याखाली जुन्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) टाकीशेजारी काळी-जांभळी चिकट माती लागते, डांबरगोळ्यांसारखा वास, ग्लोव्ह्जना रंग लागतो तो धुऊन जात नाही. पावसाळ्यात पाणी वर येतं तेव्हा हे सगळं खाडीच्या दिशेने सरकतं, म्हणून नुसती माती नको, भूजलाचा नमुनाही घ्या.

टोकन द्यायच्या आधी जुन्या कंपनीची एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट लेटर्स, म्हणजे परवानगीची पत्रं मागा, त्यात प्रॉडक्ट आणि घातक कचरा वर्षाला किती ते लिहिलेलं असतं. मग महापे किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला कचरा पाठवल्याच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे फॉर्म १० च्या कॉप्या मागा. दोन्हींचा मेळ बसला नाही तर उरलेला कचरा बहुतेक प्लॉटमध्येच गाडलेला आहे असं धरून चाला. नमुने ईटीपी, ड्रम ठेवायची जागा, गटाराचा शेवट आणि ट्रान्सफॉर्मरखालून घ्या, लॅब एनएबीएलची, म्हणजे सरकारमान्य प्रमाणपत्र असलेलीच घ्या. खराब माती किती खोल आणि कुठपर्यंत आहे ते नीट काढून घ्या, कारण उचललेली माती घातक कचऱ्यात मोडली तर विल्हेवाटीचं बिल टनावर लागतं, चांगली माती त्यात गेली तर फुकटचा भुर्दंड. आणि हा रिपोर्ट ॲग्रीमेंटला जोडून घ्या, किमतीतली काही रक्कम सफाई पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवायची अट वकिलाकडून घालून घ्या, विकणारा त्याला तयार नसेल तर तो प्लॉट सोडा.