तीन नद्यांपलीकडची नोकरी

पेडणे, गोवा, रविवार सकाळ

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी वेर्ण्याच्या औषध कंपनीचं नोकरीचं पत्र घेऊन आलीस तेव्हा मी "बरं झालं गो" एवढंच म्हणाले. तुझी आई शेजारी होती, तिचा आनंद मला मोडायचा नव्हता. पण निघताना चपला घालता घालता तू हळूच विचारलंस, "मावशी, रोज गाडीने जाऊन-येऊन जमेल ना?" या प्रश्नाला अंगणात उभ्या उभ्या उत्तर देता आलं नसतं. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून सकाळी चहा बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी हा रस्ता 11 वर्षं केला, 2005 ते 2016. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, गिरी, पर्वरी, मग मेरशी, बांबोळी, आगशी, कुठ्ठाळी आणि शेवटी वेर्णा. शापोरा, मांडवी, झुआरी अशा तीन नद्या जाताना आणि त्याच तीन येताना. त्या काळात झुआरीचा जुना पूल होता. त्यावर एखादा टेम्पो बंद पडला की आगशीपासून रांग लागायची. आता 2022 च्या डिसेंबरात नव्या पुलाचा अर्धा भाग आणि पुढच्या डिसेंबरात उरलेला खुला झाला. तो त्रास बराच कमी झाला, हे तुझ्या बाजूने आहे. पण तुझ्यासारख्या मुलांना वाटतं की पूल झाला म्हणजे रस्ता झाला. कोंडी हटत नाही गो, जागा बदलते. कुठ्ठाळीची सुटली तोवर पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झालं. आणि पुलांचं माझ्या पिढीला जरा वेगळंच भान आहे. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी कॉलेजात होते. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी भिजत उभी राहायचे. एका रस्त्यावर सगळं आयुष्य टांगलेलं असलं की काय होतं, ते तेव्हा कळलं.

आता पैशांचं बोलूया, कारण तुझं सगळं गणित पगाराच्या आकड्यावर उभं आहे. कोलवाळच्या कारखान्यात तुला 25 हजार सांगितले आहेत आणि वेर्ण्यात 34. वर्षाला लाखभर जास्त, असं तू म्हणालीस. कागद घे. आपल्याकडून वेर्णा साधारण 55 किलोमीटर. जाऊन-येऊन 110, महिन्याचे 25 दिवस धरले तर 2750 किलोमीटर. बाबांची गाडी गर्दीच्या रस्त्यावर लिटरला 16 देईल. म्हणजे 172 लिटर पेट्रोल. लिटरमागे 96 रुपये धरले तर साडेसोळा हजार. कोलवाळ जाऊन-येऊन 30 किलोमीटर, त्याचं पेट्रोल साडेचार हजार. फरक 12 हजारांचा, आणि पगारातला फरक 9 हजारांचा. म्हणजे जास्त पगाराच्या नोकरीत महिन्याला 3 हजार कमी हाती येणार. यात वर्षाला 33 हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे टायर, तीनदा-चारदा सर्व्हिसिंग, ब्रेकचे पॅड, आणि विकायला काढल्यावर मीटर बघून गिऱ्हाईक पाडून मागतं ती किंमत धरलेलीच नाही. मी पहिली सहा वर्षं हा हिशेब केला नव्हता. पेट्रोल पंपावर दर खेपेला हजाराची नोट द्यायचे आणि महिन्याअखेर पगार कुठे गेला म्हणून आश्चर्य करायचे.

स्कूटर स्वस्त पडते, मला माहीत आहे. सहा हजारांत भागेल. पण रोज 110 किलोमीटर स्कूटरवर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या पावसात, समोरच्या ट्रकच्या चाकांचं लाल पाणी तोंडावर घेत? त्याला माझा साफ नकार आहे. खड्डा पाण्याने भरला की तो किती खोल आहे हे दोन चाकांवरच्या माणसाला पडल्यावरच कळतं. म्हापशाहून बस धरण्यापुरती स्कूटर ने, त्यापुढे नको.

वेळेचंही असंच. सरळ दिवशी दीड तास जाताना, दीड येताना. महिन्याला 75 तास, म्हणजे आठ तासांच्या नऊ पाळ्या. बिनपगारी. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर नावाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून दाखवलं होतं की कामावर जायला जितका जास्त वेळ लागतो तितका माणूस आयुष्याबद्दल कमी समाधानी असतो, आणि जास्त पगाराने किंवा स्वस्त घराने ती कमतरता भरून निघत नाही. नोकरी सोडल्यावर हे माझ्या वाचनात आलं. मला स्वतःला वाटायचं की सवय होईल. रस्त्याची वळणं सवयीची होतात. उशीर मात्र रोज नवा असतो, म्हणून त्याची सवय कधीच होत नाही.

आणि हा उशीर कुठून कापला जातो? कामातून नाही, कामाचे तास ठरलेले. तो जातो सकाळच्या आणि रात्रीच्या टोकांतून. तेवढाच दिवस आपला असतो. माझी आई अखेरची तीन वर्षं साडेसातला जेवून आडवी व्हायची. मी पोचायचे पावणेआठला. दिवा मंद करून तिच्या खाटेशी बसायचे, ती झोपेतच हात धरायची. वाड्यावरच्या जत्रेचा दशावतार पहाटेपर्यंत चालतो, तुला माहीतच आहे. लहानपणी राक्षस येईपर्यंत मी डोळे ताणून बसायचे. त्या 11 वर्षांत एकदाही पुरा पाहिला नाही, कारण दुसऱ्या दिवशी साडेसहा. चवथीला गणपतीवर रानातली फळं-पानं टांगून माटोळी बांधतो, तिचं सामान बाजारातून घाईघाईने आणायचं, ते माझ्या वाट्याला राहिलं. रानात जाऊन शोधायची मजा घरातल्या इतरांनी घेतली.

आता जे सांगते ते तुझ्या आईला सांगू नकोस, मी सांगेन तिला योग्य वेळी. 2012 च्या पावसाळ्यात दुसरी पाळी करून परतत होते. रात्रीचे साडेबारा. म्हापसा मागे पडलं होतं, रस्ता मोकळा, वायपरचा एकसारखा आवाज. धारगळच्या अलीकडे डोळा लागला. डावीकडची चाकं मातीत उतरली, त्या धक्क्याने जाग आली. समोर एक आंब्याचं झाड होतं, चार हातांवर. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 50 मीटर कुणीच गाडी चालवत नसतं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं मी करून पाहिलं होतं. त्याने झोप जात नाही, फक्त आपण जागे आहोत असं वाटतं. पापणी जड झाली की उजेडात, पेट्रोल पंपावर गाडी लाव, दारं बंद कर, घरी फोन कर आणि पंधरा-वीस मिनिटं झोप. मी हे शिकले त्या झाडापुढे.

मग नोकरी नाकारू का, असं विचारशील. नको. मी तसं म्हणत नाही. वेर्ण्याच्या त्या प्रयोगशाळेत तुला जी यंत्रं हाताळायला मिळतील, गुणवत्तेची जी तपासणी (ऑडिट) बघायला मिळेल, ते दोन वर्षांत तुला कुठल्या कुठे नेईल. मी स्वतः तिथेच घडले. माझी चूक नोकरी धरण्यात नव्हती, मुदत न घालण्यात होती. "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत 11 गेली. तू पहिल्याच दिवशी तारीख लिहून ठेव, आईच्या कालनिर्णयवर लिही, म्हणजे घरात सगळ्यांना दिसेल. त्या दिवशी पुन्हा बसून विचार करायचा. तोवर जे शिकायचं ते शिकून घ्यायचं.

आणि रोज स्वतः गाडी चालवायची नाही. कंपनीत रुजू होण्याआधी विचार, स्टाफची बस म्हापशापर्यंत येते का, दुसऱ्या पाळीलाही सोडते का. हे तोंडी नको, लेखी माग. गट अपघात विमा घर ते कारखाना या प्रवासाला लागू होतो का, तेही विचार. लाजू नकोस, मी पंचवीस मुली कामावर घेतल्या आहेत आणि असं विचारणारी मला नेहमी जास्त आवडली. बस नसेल तर कुठ्ठाळी किंवा मडगावच्या बाजूला दोघी-तिघींत खोली घे. सोमवारी सकाळी जा, शनिवारी ये. बाबांना हे पटणार नाही. पोर डोळ्यांसमोर असावी, असं ते म्हणतील. त्यांना सांग की रोज तीन तास रस्त्यावर असलेली पोरही डोळ्यांसमोर नसते. माझ्याकडे पाठव, मी बोलते.

बसही नाही, खोलीही नाही, असं झालं तर मात्र कोलवाळ. आणि त्यात कमीपणा मानू नकोस. तिथेही औषधंच बनतात, तिथेही शिकता येतं, आणि सहाला तू घरी असशील.

एक गोष्ट मात्र ठरवण्याआधी करायचीच. गूगलवर दुपारी वेळ बघून "एक तास दहा मिनिटं" म्हणू नकोस. मे महिन्यातल्या रविवारी बाबांबरोबर जाऊन आलीस त्याचाही उपयोग नाही. तुला जुलैत रुजू व्हायचं आहे. जूनमध्ये पाऊस नीट धरला की एका सोमवारी, शाळा सुरू झालेल्या असताना, खऱ्या वेळेला निघायचं. वेर्ण्याच्या फाटकाशी गाडी लावायची, साडेपाचपर्यंत तिथेच कुठेतरी थांबायचं आणि सुटीच्या गर्दीत परत यायचं. मग घरी येऊन भाकरी थापायची आणि बघायचं, अंगात काय उरलं आहे.

मी येते तुझ्याबरोबर. शेजारी बसेन, गाडी तू चालव. जेवणाचा डबा मी आणते दोघींचा. सोमवार कुठला ते कळव. सव्वासहाला तुमच्या दारात उभी असेन.

तुझी,
मावशी