शनिवार म्युझियमला दिलास, ठीक आहे, पण रविवार कशाला?

ताई,
मी २३ वर्षांची आहे आणि एका आर्ट म्युझियममध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप करतेय, पगार नाही, प्रवासखर्च तेवढा मिळतो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की व्हॅलेंटाइनचा वीकेंड, म्हणजे १३ ते १५ फेब्रुवारी, एकत्र घालवायचा. मी, माझा बॉयफ्रेंड (तो दुसऱ्या शहरात असतो), माझी मोठी बहीण आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणी. घरही बुक झालंय. ही आयडिया बहिणीचीच, तिचं नुकतंच ब्रेकअप झालंय.
आता झालंय असं की आमच्याकडे कागदावरच्या ड्रॉइंग्जचं आणि चित्रकारांच्या पत्रांचं प्रदर्शन १४ तारखेलाच उघडतंय. क्युरेटरने (प्रदर्शन त्याच आखतात) मीटिंगमध्ये विचारलं, वीकेंडला कोण कोण आहे, आणि मी हात वर केला. शुक्रवारी चित्रं लावायची, शनिवारी ओपनिंग आणि दुपारी मुलांचं वर्कशॉप, रविवारी "असलीस तर बरं" असं म्हणाल्या. सोमवारी म्युझियम बंद असतं. आम्ही चार इंटर्न आहोत आणि बहुतेक एकीला पुढे ठेवतील. घरी अजून कोणाला सांगितलं नाहीये. बॉयफ्रेंडला अर्धवट सांगितलं तर म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. आता मी नाही म्हटलं तर मी सीरियस नाही असं वाटेल ना त्यांना? आणि नाही गेले तर घरच्यांना काय वाटेल?
— दोन्हीकडे हो म्हणून बसलेली

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच ओळीवर अडकली, ती म्हणजे बहिणीची. तू बॉयफ्रेंडबद्दल लिहिलंस, क्युरेटरबद्दल लिहिलंस, बाकीच्या तीन इंटर्नबद्दल लिहिलंस, आणि जिचं नुकतंच मन मोडलंय आणि जिने हा वीकेंड मुळात जुळवून आणला तिच्याबद्दल फक्त एक वाक्य. मला नाही वाटत तू तिला विसरलीस, उलट तिला सांगायचीच सगळ्यात जास्त भीती वाटतेय म्हणून घाईघाईने एका ओळीत उरकलंस. तर आपण तिच्यापासूनच सुरुवात करू. १४ फेब्रुवारीला जिकडे बघावं तिकडे जोडप्यांचे फोटो असतात, नुकतं ब्रेकअप झालेल्या माणसाला तो दिवस एकटीने काढायचा नसतो, म्हणून तिने तुम्हा सगळ्यांना गोळा केलंय. तिला तिन्ही दिवस तू हवी असशीलच असं नाही, पण कधी येणार आणि कधी नाही हे तिला आधी कळलं पाहिजे, दारात बॅग भरून उभी असताना नाही. म्हणून पहिला फोन तिला.

आता म्युझियमचं. तू हात वर केलास त्याबद्दल मी तुला अजिबात रागावणार नाही, चार जणींतून एकीला ठेवणार म्हटल्यावर कोणीही केला असता. फक्त त्या तीन दिवसांना तू एकच समजतेयस आणि तिथे सगळा गुंता झालाय. ते तीन दिवस वेगवेगळे आहेत, प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

शुक्रवार बघ. कागदावरच्या कामांचं प्रदर्शन लावणं म्हणजे नुसते खिळे ठोकणं नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, पण घरच्यांना माहिती नसणार, म्हणून लिहितेय, हवं तर त्यांना हेच वाचून दाखव. बाहेरून उसनी आलेली चित्रं क्रेटमध्ये, म्हणजे मजबूत बंद पेटीत येतात आणि बहुतेक ठिकाणी क्रेट आल्या आल्या उघडत नाहीत, साधारण २४ तास तशीच ठेवतात, म्हणजे आतलं तापमान आणि ओलावा खोलीशी हळूहळू जुळतो, कागद एकदम फुगत किंवा आकसत नाही. मग एकेक चित्र बाहेर काढून कंडिशन रिपोर्टशी, म्हणजे चित्राच्या अवस्थेच्या लेखी नोंदीशी ताडून बघायचं, आधीची फाट किती होती, डाग कुठे होता, नवीन काही झालंय का, आणि हे सगळं पेन्सिलनेच लिहायचं, कारण चित्राजवळ शाईचं पेन न्यायचंच नसतं. कधी कधी चित्रासोबत देणाऱ्या म्युझियमचा माणूस येतो, त्याच्या समोर हे होतं, त्याचीही सही लागते. नंतर लाइट. कागदासाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश जाऊ देत नाहीत, कारण प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही, म्हणून तर अशी ड्रॉइंग्ज थोडेच महिने भिंतीवर असतात आणि मग बराच काळ अंधारात विश्रांती घेतात. तर ही चित्रं एकत्र भिंतीवर येतानाचा तो दिवस परत येत नाही, आणि तिथे तुला जे शिकायला मिळेल ते कुठल्या वर्गात मिळणार नाही. शुक्रवार तू सोडू नकोस. आणि असा दिवस वेळेवर संपेल असं गृहीत धरू नकोस, एक फ्रेम नीट बसली नाही की दोन तास गेले, म्हणून घरी "रात्रीपर्यंत पोचायचा प्रयत्न करते" असं म्हणू नकोस प्लीज. शुक्रवारी मी नाही, एवढंच सांग. प्रयत्न करते म्हटलं की चार माणसं जेवायची थांबतात, बहीण दर अर्ध्या तासाने फोन बघते आणि तू तिथे लेबल सरळ करताना डोक्यात घड्याळ चालू.

शनिवार अर्धा म्हण. ओपनिंगला असायला हवंस, तू त्या प्रदर्शनावर काम केलंयस, लोक पहिल्यांदा आत येतात तेव्हा कुठे थांबतात, कुठलं लेबल वाचतात आणि कुठलं न वाचताच पुढे जातात हे बघणं हा तुझ्या कामाचाच भाग आहे. मुलांच्या वर्कशॉपला तर माणसं कमीच पडतात, कात्र्या, गोंद, रडणारं एखादं पोर, हरवलेली पाण्याची बाटली, तिथे एक जण कमी असली की बाकीच्यांचे हाल होतात, आणि तू आता हो म्हणून बसलीयेस तर तो शब्द पाळ. पण वर्कशॉप संपलं, टेबलं पुसली, सामान मोजून ठेवलं, की तुझा शनिवार संपला. त्यानंतर कोणी म्हणालं थांबतेस का जरा, सगळे मिळून कुठेतरी जाऊया, तर हसून नाही म्हण आणि नीघ. बॅग सकाळीच सोबत ने.

आणि रविवार, हा तर तुझ्याकडे कोणी मागितलेलाच नाहीये! "असलीस तर बरं" हे काम नव्हे. ज्या कामाला नाव नाही, वेळ नाही, जबाबदारी नाही, ते काम नसतं, ते फक्त नजरेसमोर असणं असतं. बिनपगारी इंटर्नशिपमध्ये तर मला याचा फार त्रास होतो, कारण पैशाच्या बदल्यात तुला शिकायला मिळणार असा तिथे करार असतो आणि रविवारी कोपऱ्यात उभं राहून तू काय शिकणार? तुझ्या इंटर्नशिपच्या कागदावर आठवड्याचे किती तास लिहिलेत ते काढून बघ, शुक्रवार शनिवार धरून ते बहुतेक भरतही असतील. क्युरेटरला हे भांडणाच्या सुरात सांगायचं नाहीये, नुसतं विचार की रविवारी माझं नेमकं काय काम असेल. खरोखर काही असेल, समजा गाइडेड टूर आहे आणि ती तूच देणारेस, तर वेगळा विचार करू. पण मला वाटतं नसेल.

मेल साधं असू दे. असं काहीतरी: "शुक्रवारी काम संपेपर्यंत आणि शनिवारी वर्कशॉप आवरेपर्यंत मी आहे. रविवारी मला यायला जमणार नाही, घरचं आधीच ठरलं होतं. मीटिंगमध्ये मी वेगवेगळे दिवस सांगितले नव्हते म्हणून आता कळवतेय. शनिवारी निघण्याआधी राहिलेल्या कामांची नोंद लिहून ठेवते." बस. ब्रेकअप, बॉयफ्रेंड, बुक केलेलं घर, यातलं काही लिहायचं नाही, घरचं ठरलंय एवढं कारण मोठ्या माणसाला पुरतं. आणि ती नोंद मात्र खरंच लिही, कुठली पेटी कुठे, कुठल्या चित्राची काच पुसायची राहिलीय, कोणाला काय कळवायचंय. चार जणींतून एकीला निवडताना लोक हेच लक्षात ठेवतात की हिने सांगितलं ते केलं आणि जाताना काही लटकत ठेवलं नाही.

तू विचारलंयस की सीरियस नाही असं वाटेल का. याचं उत्तर द्यायला मला योहाना व्हॅन गॉग-बोंगर आठवते. विन्सेंट व्हॅन गॉगचा भाऊ थेओ, त्याची ही बायको. १८९० च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी त्यांना मुलगा झाला, काकाचंच नाव ठेवलं, आणि काका तेव्हा दूर, मनोरुग्णांच्या आश्रमात. त्याने फेब्रुवारीत त्या बाळासाठी बदामाच्या फुलांच्या फांद्यांचं चित्र काढायला घेतलं, मागे निळं आकाश, ते आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. त्याच वर्षी जुलैत विन्सेंट गेला, सहा महिन्यांनी थेओ गेला, आणि योहानाच्या हातात राहिलं वर्षाचं मूल आणि शेकडो चित्रं जी फारसं कोणी विकत घेत नव्हतं. तिने लोकांना राहायला खोल्या देऊन घर चालवलं, मूल वाढवलं, आणि त्याच्या जोडीने वर्षानुवर्षं प्रदर्शनं भरवली, १९०५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये ४०० हून जास्त चित्रांचं, १९१४ मध्ये विन्सेंटने थेओला लिहिलेली पत्रं छापली. पुढे त्या मुलाने कुटुंबाकडची चित्रं एकत्र ठेवली आणि १९७३ मध्ये ते म्युझियम उघडलं. एवढं सगळं घरात, पोराबाळात राहूनच झालंय, कितीतरी वर्षं लागली त्याला, आणि योहाना सीरियस नव्हती असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? एका रविवारवरून तुला कोणी तसं म्हणत असेल तर ते लोक तुला पुढेही असेच मोजतील, हे आत्ताच कळलेलं बरं.

बॉयफ्रेंडचं. "तुला योग्य वाटेल ते कर" यात समजूतदारपणा असू शकतो आणि दुखावणंही असू शकतं, मेसेजवरून कळत नाही, म्हणून अंदाज बांधत बसू नकोस. फोन कर, आणि अर्धवट सांगितलं होतंस ते पूर्ण सांग, शुक्रवार नाही, शनिवारी रात्री येते, रविवार पूर्ण तुमचा. मग विचार, तुला वाईट वाटलं का. वाटलं म्हणाला तर समजावायला जाऊ नकोस, ऐकून घे. आणि त्याच्याकडे एक मदत माग, त्याने ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच जावं, तू नाहीस म्हणून त्याने शनिवारपर्यंत थांबू नये. तो आणि दोन्ही मैत्रिणी तिथे असल्या की तुझी बहीण पहिल्या रात्री एकटी पडणार नाही.

मध्ये तुला एक मोह होईल, तो मला आत्ताच दिसतोय, की सगळ्यांना शनिवारी ओपनिंगलाच बोलावू, म्हणजे दोन्ही होईल. नको गं. तू कामावर असताना ते येणार, तू त्यांना दोन मिनिटं भेटणार, मग कोणीतरी हाक मारणार, बहीण ओळख नसलेल्या गर्दीत त्या पत्रांसमोर एकटी उभी राहणार, आणि तिला त्या दिवशी तेवढं एक नकोच आहे. प्रदर्शन काही महिने आहे, त्यातला एखादा शांत वार बघून सुट्टीच्या दिवशी तिला एकटीला घेऊन जा, तेव्हा कुठला डाग कसा शोधला ते सगळं सांग, ती तासभर ऐकेल.

अजून एक, थोडं पुढचं. हे क्षेत्र तू खरंच धरलंस तर असे वीकेंड पुन्हा पुन्हा येणार आहेत. लोकांना सुट्टी असते तेव्हाच म्युझियममध्ये गर्दी असते, ओपनिंग, वर्कशॉप, टूर सगळं तेव्हाच. १४ फेब्रुवारी यंदा, २०२६ मध्ये, शनिवारी आहे आणि पुढच्या वर्षी रविवारी. म्हणून तारखेला चिकटून राहायची सवय तुम्ही सगळ्यांनीच सोडलेली बरी, बॉयफ्रेंडशी हे या वीकेंडला बोलूनच घे, भांडण होण्याची वाट न बघता. प्रेमाचा दिवस तेराला किंवा सोळालाही करता येतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

तिथे पोचल्यावर पहिला तासभर तू थकलेली असशील, पाय दुखत असतील, बोलायची इच्छा नसेल, तेही आधीच सांगून ठेव, म्हणजे त्यांना रुसवा वाटणार नाही. ऑफिसच्या ग्रुपचं नोटिफिकेशन रविवारी बंद. आणि सोमवारी म्युझियम बंद असतं हे तू स्वतःच लिहिलंयस, मग रविवारी रात्री धावत परत कशाला येतेस? घर अजून एक रात्र मिळतंय का बघ, आणि सोमवारी दुपारपर्यंत तू आणि बहीण दोघीच थांबू शकता का, तेही तिला त्याच पहिल्या फोनवर विचार.